घर गहाण ठेवणाऱ्या सावे बाई

आमच्या नातीचं आणि तिच्या नवऱ्याचं सध्या एक भांडण चालू आहे. मी स्वयंपाकघरात गेले की थांबतं, पूजेला बसले की पुन्हा सुरू होतं. देवापुढे बसलेल्या म्हातारीला ऐकू येत नाही, असा तरुणांचा समज असतो. बोईसरला लहानसा फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचा, इथवर दोघांचं एकमत आहे. पैसा कुठला घालायचा, यावर बिनसलंय. तो म्हणतो, साठवलेले रोख घालू आणि निवांत झोपू. ती म्हणते, राहतं घर तारण ठेवून कर्ज काढू. भाड्यातून हप्ता जाईल, रोख बँकेत राहील. परवा दोघंही न्यायनिवाड्यासाठी माझ्यापुढे येऊन बसले.

"आजी, तू जन्मभर गणित शिकवलंस. तूच सांग."

"गणितवालीला काय विचारता?" मी म्हटलं. "शिवणवालीला विचारायला हवं. पण ती मागच्या वर्षी गेली."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजीचं थोडं सरकलं, असा त्या पाहण्याचा अर्थ. पण तेव्हापासून सावे बाई ज्या मनात येऊन बसल्यात त्या उठायलाच तयार नाहीत.

पालघरच्या शाळेत मी गणिताला आणि सावे बाई शिवणकामाला. मी रुबाबात. माझ्याकडे फळा, खडू आणि भीतीनं पांढरी पडलेली मुलं. त्यांच्याकडे जिन्याखालची खोली आणि पायानं चालवायची चार मशीनं. त्यातली दोन नवऱ्यासारखी, म्हणजे काम शून्य आणि आवाज फार, असं त्या स्वतःच सांगायच्या. नवरा लवकर गेला बिचाऱ्यांचा, पण त्याच्याबद्दल त्या असंच बोलत, जणू तो आत दाढी करतोय आणि ऐकून चिडणार आहे.

टेप कायम गळ्यात. लग्नाला टेप, मिटिंगला टेप, एकदा तर मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात हार आणि टेप यांची गाठ बसली आणि दोघं जण मंचावर अडकून राहिले. नवा माणूस भेटला की चेहऱ्याच्या आधी त्याच्या कपड्याची कड उलटून बघायची, ही त्यांची खोड. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेब जिन्याखालच्या खोलीत वाकून शिरले, तशी बाईंनी त्यांची बाही धरली, उलटली आणि म्हणाल्या, "साहेब, शिंप्यानं फसवलंय हो तुम्हाला. कच्ची टीप आहे." साहेबांनी शेरा चांगला दिला, पण उरलेला दिवस दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून हिंडले.

माहेर माकुणसारचं. वर्गात बोलणं शुद्ध, छापील. पण राग आला किंवा आनंद झाला की 'आमी-तुमी' आणि 'हाय-नाय' सुरू. मुली त्यावरून हवामान ओळखायच्या. "आज बाई 'हाय' म्हणाल्या गं," असं कुजबुजत एखादी बाहेर आली की पुढचा वर्ग काज-बटणांचे नमुने चटकन लपवायचा.

माहीम रोडच्या आतल्या अंगाला त्यांचं घर. बैठं, चार खोल्यांचं, पुढे ऐसपैस ओटा. नवऱ्यामागे एकटीनं उभं केलेलं. शाळा सुटल्यावर अर्ध्या पालघरचे ब्लाऊज शिवायच्या. कोणी घराचं कौतुक केलं की म्हणायच्या, "भिंतीत विटा कमी, ब्लाऊज जास्त हायत." मुलगी नीता त्या ओट्यावर वाढली, शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली. आईला नाशिकला न्यायचं, हा तिचा ध्यास. आईनं जायचं नाही, हा आईचा.

पुढे पालघर जिल्हा झाला आणि गावाला भाव चढला. कालपर्यंत जिथे म्हशी रवंथ करत तिथे 'बुकिंग चालू' असे बोर्ड लागले. नेमक्या त्याच सुमारास आम्ही दोघी निवृत्त झालो. फंडाचा पैसा हाती आला की माणसाला आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं. मी तर आधीपासूनच हुशार होते! अठ्ठावन्नची तरुणी मी, केस नुकते काळे केलेले, पर्समध्ये कॅल्क्युलेटर. म्हटलं, "सावे बाई, बँकेत पैसा कुजतो. भाड्याची जागा घेऊ. मी आहे ना हिशोबाला."

"तू हिशोब कर," त्या म्हणाल्या, "मी जागा बघते."

शोधत शोधत आम्ही सरावलीला पोचलो. बोईसरच्या एमआयडीसीला लागून ही वस्ती. कारखान्यांतले कामगार तिथे खोल्या घेऊन राहतात. एका शेठला सहा खोल्यांची अख्खी रांग विकायची होती. पांढरा शर्ट, हातात चार अंगठ्या, आणि 'एक नंबर' हे एकच विशेषण. पाणी एक नंबर, भाडेकरू एक नंबर, भिंती एक नंबर. मी तिथेच उभ्या उभ्या गुणाकार करायला लागले. सावे बाई मात्र त्याला ओलांडून नळावरच्या एका बाईजवळ जाऊन उकिडव्या बसल्या.

"पानी कब आता हाय?"

"सुबह आता है, दीदी."

"आता हाय, की आके चला भी जाता हाय?"

ती बाई पदरात हसली. "जाता जल्दी है."

मग त्यांनी शेठला संडास कुठे विचारलं. शेठ म्हणाला, "मॅडम, तो पण एक नंबर." बाई म्हणाल्या, "नंबर मागाहून. कडी लागते का बघू दे आधी." आणि खरंच जाऊन, कडी लावून, पाणी ओतून आल्या. मग रांगेच्या पाठीमागे गेल्या. भिंतीला तळवा लावून ओल बघितली, गटार कुठे तुंबतं ते बघितलं. मी हाका मारतेय, शेठ घाम पुसतोय. परत आल्या तर साडीला कुसळं. "समोरून काय, सगळेच नटतात," मला म्हणाल्या. मग दोन दिवस तलाठ्याकडे खेटे घालून सातबारा आणि बिनशेतीचा कागद बघितला. तेव्हा कुठे शेठशी भावाचं बोलल्या.

मला ते सगळं फार गावंढळ वाटलं. मी त्याच आठवड्यात बोईसरला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं कागदावर छापलं होतं. कोणाची पाच मिनिटं, हे छापलं नव्हतं. लिफ्ट येणार होती. तिच्यासाठी जागाही सोडली होती, तिथे कबुतरांनी संसार थाटला. फंडाचा सगळा पैसा, वर दागिन्यांतली एक पाटली, सगळं रोख मोजलं मी. कर्ज नाही, हप्ता नाही, मान ताठ. तेव्हा मी रस्त्यानं चालायचे तेसुद्धा बिनकर्जाच्या बाईसारखी चालायचे, पोटात हवा भरून.

आणि सावे बाईंनी काय केलं? त्यांच्या रोख पैशात दोन खोल्या सहज आल्या असत्या. त्यांनी थोडेच रोख काढले, उरलेल्या पैशांसाठी राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं ठरवलं आणि सहाच्या सहा खोल्यांचा सौदा केला.

बातमी कळताच मी आमच्या ह्यांना घेऊन त्यांच्या ओट्यावर थडकले. आमचे हे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी खात्यात होते. अजूनही गॅस बंद केला की बंद झाला का ते बघायला मला पाठवतात, आणि मी बघितलं का ते बघायला स्वतः जातात.

"बाई, राहतं घर गहाण?" हे म्हणाले. "कर्ज म्हणजे उशाला विंचू!"

"अहो, उशाशी असेल तर दिसतो तरी," बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

मी कॅल्क्युलेटर काढला. व्याज किती जाईल ते मांडून दाखवलं. "दहा वर्षांत बँकेला किती फुकट द्याल, बघा. माझं बघा! एक पैसा व्याज नाही."

"आणि हातात काय उरलं?"

"फ्लॅट!"

"कुंदा," त्या म्हणाल्या, "ब्लाऊज शिवताना आत कापड सोडतो की नाय आपण? ते काय मिरवायला असतं? अंग वाढलं की उसवून सैल करायला असतं. तू अगदी मापात कापून बसलीस. आता एक घास जास्त खाऊ नकोस हो."

मी हसले. चांगली खो खो हसले. अशा गोष्टी मला नीट आठवतात.

बँकेत मी सोबत गेले, म्हणजे त्यांना समजवायला शेवटची संधी म्हणून. अधिकारी तरुण होता. त्यानं घराचे कागद तपासले, बाईंनी त्याची कॉलर तपासली. त्याचं कागदाबद्दल समाधान झालं, बाईंचं कॉलरबद्दल झालं नाही. पण वयामुळे एकटीच्या नावावर कर्ज मिळेना. मुलीची सही हवी होती.

नीता नाशिकहून आली ती रडतच. "आई, हे घर तू कसं उभं केलंस ते मी बघितलंय. आणि तेच तू...?" दोन दिवस मायलेकींनी एकमेकींना जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नीतानं अट घातली. सही करीन. पण एक जरी हप्ता चुकला तर बँक दारात यायची वाट बघायची नाही; घर विकायचं, कर्ज फेडायचं आणि आईनं नाशिकला येऊन राहायचं. कायमचं.

"कबूल," बाई म्हणाल्या. "एक हप्ता चुकू दे, बॅग मीच भरीन."

नीतानं सही केली. बाहेर आल्यावर बाईंनी पायरीवर जरा वेळ बसून घेतलं. गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. तेवढं एकदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं मी.

मालकीण म्हणून त्या पहिल्याच महिन्यात फसल्या, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर नात म्हणेल आजीनं देवी करून ठेवली. खोलीत तीन माणसं, असा त्यांचा ठराव होता. पण पाण्याची टाकी दुपारच्या आत कोरडी. बाई बघायला गेल्या. दाराबाहेर चपलांचे तीनच जोड. संध्याकाळी पुन्हा गेल्या. तीनच जोड, पण दुसरे. सकाळी अंगठ्याच्या होत्या, आता पट्ट्याच्या. बाई आत शिरल्या आणि रिकाम्या खाटेवर तळवा ठेवला. खाट गरम!

त्या रांगेचा पुढारी सजीवन, गोरखपूरकडचा, शांत, केसांना भरपूर तेल लावणारा. त्याला पुढ्यात उभं केलं.

"सजीवन, एक खोली में कितना आदमी रहता हाय?"

"तीन, बाईजी."

"झूठ नको बोलू."

"झूठ नहीं, बाईजी. तीन ही रहते हैं. एक टाइम पे."

पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. एक उठला की दुसरा आडवा. खाट अष्टौप्रहर कामावर. एमआयडीसीच्या आसपास खोली देताना माणसं नाही, पाळ्या विचारायच्या असतात, हे सरावलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्हा दोघी मास्तरणींना नव्हतं. मी म्हटलं, "हाकला सगळ्यांना!" बाई त्याच खाटेवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, यानं शब्द कुठे मोडलाय? वर्गात असा एक जरी असता ना, मी त्याला मॉनिटर केला असता." मग पाण्याचे पैसे माणशी ठरले, दुसरी टाकी बाईंनी स्वतः बसवली, आणि रविवारी सगळ्या खाटा बाहेर उन्हात टाकायच्या असा नियम झाला. "खाट को भी छुट्टी देव रे," असं त्या दारोदार सांगत हिंडल्या. सजीवनची माणसं वर्षानुवर्षं टिकली. मधल्या काळात माझ्या फ्लॅटनं चार भाडेकरू बदलले. दर वेळी जाणारा सांगून जायचा, "मॅडम, लिफ्टचं बघा."

आणि मग लॉकडाऊन आला.

कारखान्यांचे भोंगे थांबले. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि सरावली रिकामी व्हायला लागली. जो तो मिळेल त्या वाहनानं, नाही तर चालत, गावाकडे. सजीवन बाईंच्या दारी आला, ओट्यापासून चार हात लांब उभा राहिला. भाडं द्यायला नव्हतं. खोलीतलं सामान भाड्यात ठेवून घ्या म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुमारा कुलूप लगाओ, चावी जेब में डालो, और जाओ. खोली किसी को नहीं देगी मैं." पाच खोल्यांना भाडेकरूंची कुलपं, सहावी रिकामी. भाडं शून्य.

बँकेनं काही महिने हप्ते थांबवायची सवलत दिली होती. मी म्हटलं, "घ्या की!" बाई म्हणाल्या, "व्याज थांबणार हाय का? नाय ना? आणि बँकेनं माफ केलं तरी नीता करायची नाय." रोज रात्री नीताचा फोन. "आई, हप्ता गेला का?" "गेला." आत सोडलेलं कापड उसवायला सुरुवात झाली होती. बँकेत ठेवलेल्या रोख पैशातून हप्ता बिनबोभाट जात होता. असाच वर्षभर गेला असता तरी त्यांना धक्का लागला नसता.

धक्का आम्ही लावला. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. सेफ्टीवाला माणूस, सगळ्या घराची काळजी करून झाली होती, हृदयाची राहिली होती. ताबडतोब स्टेंट टाकायला लागणार. विमा कमी पडला, पेन्शनवर घर चाले, इस्पितळ कसं चालणार? माझा फ्लॅट रिकामा, भाडेकरू पळालेला, आणि त्या दिवसांत विकत घेतो कोण? मी बिनकर्जाची बाई इस्पितळाच्या दारात बिनपैशांची उभी होते. भिंतीचा पोपडा काढून औषधाच्या दुकानात देता येत नाही, हे कॅल्क्युलेटरनं मला कधी सांगितलं नव्हतं.

सावे बाई मास्क लावून, पोलिसांना कायकाय सांगून तिथवर आल्या. ठेव मोडून पैसे आणले होते.

"अहो, तुमचे हप्ते?"

"ते माझं मी बघीन. व्याज मात्र घेईन हो, सोडायची नाय."

"किती?"

"महिन्यातून एकदा फोन करायचा आणि म्हणायचं, 'सावे बाई, तुमचं बरोबर होतं.' मूळ रक्कम फिटेपर्यंत."

हे बरे झाले. पुढे दोन वर्षांनी तो फ्लॅट घेतल्यापेक्षा कमी भावात विकून मी मुद्दल फेडलं. तोपर्यंत दर महिन्याला व्याज भरलं. कधी पुटपुटत म्हटलं तर त्या म्हणायच्या, "ऐकू नाय आलं. मोठ्यानं." आमचे हे बाजूला बसून गालात हसायचे. त्यांचं हसणं परत आलं होतं, म्हणून मीही मोठ्यानं म्हणायचे.

पण त्या वेळी बाईंपाशी उरलं काय? तीन-चार हप्त्यांपुरते पैसे. त्यांची पेन्शन शिवणाच्या बाईची. हप्त्याला पुरवली तर पोटाला नाही. खोल्या रिकाम्या. मी रडकुंडीला आले. नीताला फोन करून सगळं सांगते म्हटलं, तर बाई कडाडल्या, "खबरदार! ती आजच बॅग घेऊन येईल."

मग एके दिवशी त्यांच्या ओट्यावर टेम्पो दिसला. धावत गेले. बाई मशीन बांधून घेत होत्या.

"नाशिकला?" मी विचारलं.

"सरावलीला."

रांगेच्या टोकाची एक खोली कुलूप नसलेली होती. तिथला भाडेकरू सामानासकट गेला होता. बाई तिथे राहायला निघाल्या होत्या. आणि त्यांचं घर? जिल्हा कार्यालयात बदली होऊन आलेल्या कदम साहेबांना भाड्यानं. साहेब, बायको आणि सहावीतली एक मुलगी. साहेबांना ताबडतोब घर हवं होतं आणि सरकारी माणसाचा पगार टाळं लागलं तरी चालू राहतो, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं. चार खोल्या आणि ओटा, म्हणजे भाडं हप्त्याच्या अगदी जवळ. उरलेलं पेन्शनीतून. गहाण पडलेलं घर स्वतःच स्वतःला सोडवायला कामाला लागलं.

नीतानं फोनवर आकांत मांडला. "आई, स्वतःच्या घरातून बाहेर पडलीस?"

"भाड्यानं दिलंय, विकलं नाय. तुझी अट विकायची होती. आणि हप्ता चुकल्यावर. चुकला का?"

"नाही, पण..."

"मग ठेव फोन. पाणी जाईल."

सरावलीला मी त्यांना भेटायला जायचे. दहा बाय बाराची खोली, मशीन दाराशी, प्रकाशाला. वाऱ्याबरोबर कारखान्यांचा वास यायचा; बाई म्हणायच्या, "उग्र हाय, पण सर्दी होत नाय." एकेक करत माणसं परतली. सजीवन आला तो बायकोला घेऊन. कुलूप जसंच्या तसं बघून दारातच बसला. गेल्या महिन्यांचं भाडं थोडं थोडं देतो म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुम था ही नहीं, तो भाडा कायको?" मग शेजारी राहून त्यांना भाडेकरूंचं सगळं कळायला लागलं, आणि भाडेकरूंना त्यांचं. कुणाच्या ड्रेसला चेन बसवून दे, कुणाच्या पोरीला झबलं. सजीवनच्या बायकोला त्यांनी कापायला शिकवलं. ती चुकली की रांगभर 'हाय-नाय' ऐकू जायचं. पण बाईंना कोणी 'मालकीण' म्हणत नसे. "वो टेपवाली बाई," म्हणायचे.

मुद्दल फेडल्यावर मी 'आता तरी घरी चला' म्हटलं, तर म्हणाल्या, 'कर्ज फिटेस्तोवर घर कामावर राहू दे.' मग मी विचारलं, "घराची आठवण नाही येत?"

त्या सुई ओवत होत्या. ओवून झाल्यावर म्हणाल्या, "येते गं. सकाळी ओट्यावर ऊन येतं ना, तेव्हा येते." आणि लगेच, "तू काय बसलीस? बटणं लाव."

एकही हप्ता चुकला नाही. शेवटचा गेला त्या दिवशी नीता मुद्दाम रजा काढून नाशिकहून आली. बँकेतून घराचे कागद घेतले. नीतानं ते आईच्या हातात दिले, म्हणाली, "जिंकलीस बाई तू. चल आता तुझ्या घरी." तिनं कदम साहेबांना सांगून टाकायचंही ठरवलं होतं, की महिनाभरात घर मोकळं करा. आम्ही तिघी रिक्षानं माहीम रोडला आलो.

कदम वहिनींनी दार उघडलं. "या ना बाई, आत या. तुमचंच घर."

"भाडं घेते ना मी? मग घर तुमचं. मी बसते इथे." आणि बाई ओट्यावरच टेकल्या. हातानं फरशी चाचपत होत्या. वहिनींनी पाणी आणलं. ते त्या पाहुण्यासारख्या सावकाश प्यायल्या. आत मुलगी पुस्तकं पसरून बसली होती. केवढी मोठी झाली होती!

नीतानं घसा साफ केला. "वहिनी, एक बोलायचं होतं. आईला आता इकडे..."

"कितवीत गं तू?" बाईंनी मध्येच आत हाक घातली.

"दहावी!"

बाईंनी भांडं खाली ठेवलं. नीताकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "बोर्डाच्या वर्षी बिऱ्हाड हलवत नाय."

"आई! मी रजा काढून आलेय!"

"मग खोलीवर चल. बोंबील आणून ठेवलेत. परीक्षा झाली की बघू."

परीक्षा मार्चात झाली. बाई जानेवारीतच गेल्या, सरावलीच्या खोलीत, झोपेत. ते कोणाला ठाऊक होतं तेव्हा? त्या दिवशी नीता फुरंगटून रिक्षात बसली, बाई कागद मांडीवर घेऊन शेजारी. माझं घर जवळच, म्हणून मी फाटकाशी उभी राहिले. रिक्षा वळली आणि बाईंनी अंग अर्धं बाहेर काढून मागे पाहिलं. मला वाटलं, घर डोळ्यांत भरून घेतायत.

"कुंदा!" त्या ओरडल्या. "वहिनींना सांग, मोरीच्या नळाचा वायसर गेलाय, टपटप ऐकली मी. उद्या नवा पाठवते म्हणावं. मालकीण हाय ना मी!"